कॉलेजच्या सॉकर टीमसोबत दुसऱ्या स्टेटमध्ये टूर्नामेंटला जाताय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत कॉलेजात सॉकर खेळणारी आपली पोरं-पोरी आणि त्यांचे आईबाबा, दोघांकडून दर फॉलला (म्हणजे शरद ऋतूत) हेच प्रश्न येतात. काही इथंच जन्मलेली असतात, काही एफ-१ म्हणजे स्टुडंट व्हिसावर आलेली. सगळं एका जागी लिहून ठेवलंय. मी क्लब टीमच्या ट्रॅव्हलचं काम बघितलंय, त्यामुळे उत्तरं त्या बाजूला जरा झुकलेली आहेत. व्हर्सिटीवाल्यांनी आपापल्या कोचचं ऐकावं.

व्हर्सिटी आणि क्लब यात ट्रिपच्या दृष्टीने फरक काय?

जमीन-अस्मानाचा. व्हर्सिटी म्हणजे कॉलेजची अधिकृत टीम, एनसीएए, एनएआयए किंवा एनजेसीएए ह्या कॉलेजच्या खेळांच्या संस्थांच्या नियमाखाली खेळणारी. तिथं बस, हॉटेल, जेवण, फिजिओ (इथं त्यांना अथलेटिक ट्रेनर म्हणतात) सगळं डिपार्टमेंट बघतं, तुम्ही वेळेवर बॅग घेऊन उभं राहायचं एवढंच. क्लब टीम मात्र स्टुडंट ऑर्गनायझेशन असते, म्हणजे हॉटेल बुक करणारा, व्हॅन चालवणारा, पैसे गोळा करणारा आणि लेफ्ट बॅक खेळणारा एकच पोरगा असू शकतो. आणि खाली जे काही प्रॉब्लेम लिहिलेत त्यातले बहुतेक ह्यातूनच निघतात.

त्यामुळे पोरगी फोनवर म्हणाली "आमची टीम टेनेसीला चाललीये" तर पहिला प्रश्न "जेवणाचं काय" हा नको, "कोण चालवणार आहे" हा विचारा.

क्लब टीमच्या कसल्या टूर्नामेंट असतात?

निरसा नावाची कॅम्पस रिक्रिएशनची संस्था आहे, ऑफिस ऑरेगनमधल्या कोरवॅलिसला. क्लब सॉकरची मोठी स्पर्धा त्यांची. फॉलमध्ये लीगच्या मॅच, मग रिजनल, आणि त्यातून निवडलेल्या टीम नोव्हेंबरात नॅशनलला. टेक्ससमधल्या राउंड रॉकसारख्या ठिकाणी, जिथं एकाच कॉम्प्लेक्समध्ये भरपूर मैदानं आहेत, तिथं हे होत आलंय. साधारण शुक्रवार-शनिवार पूल मॅच आणि रविवारी नॉकआउट. तीन दिवसात चार-पाच मॅच सहज होतात, म्हणून तर दमछाक.

व्हर्सिटीचा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू होतो, नोव्हेंबरात एनसीएए टूर्नामेंट, डिसेंबरात डिव्हिजन वनच्या (सगळ्यात वरच्या गटाच्या) पुरुषांचा कॉलेज कप, म्हणजे त्या टूर्नामेंटची शेवटची फेरी. २०२४ ला व्हर्माँटने नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीला जाऊन मार्शलला २-१ हरवून तो जिंकला, ओव्हरटाइममध्ये. छोट्याशा स्टेटची टीम, सगळा देश बघत बसला होता.

दुसरं स्टेट म्हणजे किती लांब समजायचं?

स्टेटची सीमा बघून काही कळत नाही. प्रॉव्हिडन्सवरून बॉस्टन म्हणजे जेमतेम ५० मैल, तेही दुसरं स्टेट. आणि एल पासो ते ह्यूस्टन ७०० मैलांच्या वर, पण एकाच टेक्ससमध्ये. त्यामुळे मैल आणि तास बघा. व्हर्सिटीवाल्यांचं तर २०२४ पासून अजबच झालंय, यूसीएलए, यूएससी, ऑरेगन, वॉशिंग्टन बिग टेन नावाच्या लीगमध्ये गेले आणि स्टॅनफर्ड आणि कॅल चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या किनाऱ्यावरचं कॉलेज अटलांटिकच्या लीगमध्ये. अमेरिकन फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशासाठी झालं हे सगळं आणि सॉकरच्या पोरांनी मात्र मिडटर्मच्या आठवड्यात अख्खा देश ओलांडायचा. माझं मत विचाराल तर हा मूर्खपणा आहे, पण मला विचारतंय कोण.

व्हॅनने जायचं की बसने?

बजेट असेल तर बस, विषय संपला. चार्टर बसच्या ड्रायव्हरला फेडरल नियम लागू असतात, ८ तास सलग सुट्टी घेतल्यावर जास्तीत जास्त १० तास ड्रायव्हिंग, आणि ड्युटीचे एकूण १५ तास झाले की गाडी चालवायची नाही. म्हणजे तुमच्या झोपेची काळजी नसली तरी त्याच्या झोपेची काळजी कायद्याने घेतलेली असते. व्हॅन चालवणाऱ्या १९ वर्षांच्या मिडफिल्डरच्या झोपेची काळजी कोणीच घेतलेली नसते.

बस परवडत नाही हे बहुतेक क्लबचं खरं दुखणं. मग व्हॅन. ड्रायव्हर धरून १६ किंवा जास्त माणसांसाठी बनवलेली गाडी असेल तर कमर्शियल लायसन्स लागतं, त्यामुळे १५ सीटर व्हॅन साध्या लायसन्सवर चालते, आणि नेमकी तीच गाडी डेंजर आहे. नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन कधीपासून सांगतंय की ती जितकी भरलेली तितकी उलटायची शक्यता जास्त, छपरावर सामान ठेवू नका, टायरमधली हवा तपासा, सगळ्यांनी बेल्ट लावा. बऱ्याच युनिव्हर्सिटींनी १५ सीटर सरळ बंद केलीये, तुमच्याकडे चालत असेल तरी मागची सीट रिकामी ठेवा आणि किट बॅगा आत, खाली. सात-आठ जणांच्या मिनीव्हॅन तीन घेतल्या तर थोडं महाग पडेल पण चालवायला कारसारख्या असतात.

आणखी दोन गोष्टी. भाड्याची गाडी २५ च्या खालच्याला दिली की बहुतेक कंपन्या रोजचा जास्तीचा चार्ज लावतात, युनिव्हर्सिटीचा करार असेल तर तो माफ होतो, म्हणून स्वतःच्या कार्डावर बुक करण्याआधी कॅम्पसच्या ऑफिसला विचारा. आणि टोल. इलिनॉयसारख्या ठिकाणी टोलनाक्यावर कॅश घेतच नाहीत, नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि दोन महिन्यांनी भाडे कंपनीकडून टोल प्लस त्यांची फी असं बिल येतं, तोवर सीझन संपलेला असतो आणि पैसे मागायचे कोणाकडे? टोलचे पैसे आधीच धरून ठेवा. हां, न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरू नका, तिथं तो नियमच आहे, गाडीत बसून राहायचं.

रविवारी फायनल झाली की लगेच रात्री निघालं तर एक रात्रीचं हॉटेल वाचतं ना?

वाचतं. आणि अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात धोक्याचा भागही तोच. ह्या पानावरचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे लक्षात ठेवा.

बघा काय होतं. तीन दिवसात चार-पाच मॅच, हॉटेलात चौघं एका खोलीत म्हणजे झोप अर्धी, रविवारी दुपारी शेवटची मॅच, मग जेवण, मग सोमवारी सकाळी कोणाची तरी लॅब असते म्हणून संध्याकाळी सातला निघायचं आणि ८ तासांचा रस्ता. पहिले दोन तास गाणी, नंतर सगळे मागे झोपतात आणि ड्रायव्हर एकटा जागा. डुलकी लागून होणारे अपघात जास्त करून मध्यरात्र ते पहाटे सहा ह्या वेळात होतात, आणि तुम्ही नेमके तेव्हाच हायवेवर. कॉफीने पायातला थकवा जात नाही.

मग करायचं काय? बजेट बनवतानाच रविवारची रात्र धरा. पैसे नसतील तर एक मॅच कमी असलेली जवळची टूर्नामेंट निवडा, पण ही रात्र कापू नका. अगदीच शक्य नसेल तर जो रविवारी खेळला नाही किंवा कमी खेळला अशाला ड्रायव्हर ठेवा, त्याला दुपारी खरंच झोपायला लावा, दर दोन तासांनी ड्रायव्हर बदला आणि शेजारच्या सीटवर एकाने जागं राहायचंच, ती त्याची ड्युटी. बऱ्याच कॉलेजांचा नियमच असतो की मध्यरात्रीनंतर स्टुडंटने गाडी चालवायची नाही. तो नियम शोधून ग्रुपवर टाका, म्हणजे "अरे चल रे, पोचू" म्हणणाऱ्याशी तुम्हाला भांडावं लागत नाही. नियमाकडे बोट दाखवायचं.

मी एफ-१ वर आहे, दुसऱ्या स्टेटमध्ये जायला कागद काय लागतात?

परवानगी कोणाची लागत नाही, देशातल्या देशात फिरताय. पण कागद जवळ हवेत. १८ च्या वरच्या परदेशी नागरिकाने आपला नोंदणीचा पुरावा जवळ बाळगायचा असा कायदा आहे आणि आय-९४ (देशात शिरल्याची नोंद) त्यात धरला जातो. त्यामुळे पासपोर्ट, आय-९४ ची प्रिंट आणि आय-२० (कॉलेजने दिलेला एफ-१ चा फॉर्म) सोबत ठेवा, मैदानावर जाताना हॉटेलच्या लॉकरमध्ये किंवा टीमच्या एकाच बॅगेत ठेवू नका, एक फोटो फोनमध्ये पण असू द्या. व्हिसाचा स्टँप संपलेला असेल तर देशांतर्गत प्रवासाला काही फरक पडत नाही, तो फक्त देशात शिरताना लागतो.

सीमेजवळ जात असाल, म्हणजे दक्षिण टेक्सस, अ‍ॅरिझोना वगैरे, तर हायवेवर बॉर्डर पेट्रोलचे चेकपॉइंट असतात, देशाबाहेर गेला नाहीत तरी थांबवून विचारतात. आणि बफेलोला टूर्नामेंट असेल की कोणीतरी हमखास म्हणतं चला नायगारा कॅनडाच्या बाजूने बघू. टीममधल्या अमेरिकन पोरांना ते दहा मिनिटांचं काम वाटतं, तुम्हाला कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परत येताना अमेरिकेच्या व्हिसाचा तोच स्टँप आणि आय-२० वरची सही बघतात. तुम्ही अमेरिकेच्या बाजूने बघा, पाणी तेच आहे.

विमानाने जाताना किटचं काय?

७ मे २०२५ पासून रिअल आयडी (फेडरल नियमाप्रमाणे काढलेलं लायसन्स किंवा ओळखपत्र) सक्तीचा झालाय, साधं जुनं लायसन्स एअरपोर्टवर पुरत नाही. पासपोर्ट चालतो, भारतीय पण. शूज आणि शिनगार्ड केबिन बॅगेत चालतात आणि तिथंच ठेवा, कारण चेक-इन बॅग हरवली तर जर्सी कोणाची तरी मागून घेता येते, पायात बसणारे शूज मिळत नाहीत. बॉलमधली थोडी हवा काढा, जागा वाचते. इलेक्ट्रोलाइट किंवा प्रोटीन पावडरचा मोठा डबा केबिन बॅगेत असेल आणि १२ औंसच्या वर असेल तर वेगळी तपासणी होते, तो चेक-इनमध्ये टाका. आइस पॅक सिक्युरिटीला पूर्ण गोठलेला पाहिजे, अर्धा वितळला की तो लिक्विड.

हॉटेलचं काही वेगळं असतं का?

असतं. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये त्यांच्या यादीतलंच हॉटेल घ्यायची अट असते, दुसरीकडे स्वस्तात बुक केलंत तर एंट्रीच नाकारू शकतात, त्यामुळे नियम वाचल्याशिवाय बुकिंग करू नका. काही हॉटेलं २१ च्या खालच्याच्या नावाने खोली देत नाहीत, आणि क्लब टीममध्ये अर्धे लोक १९-२० चे. फोन करून विचारा, वेबसाइटवर विश्वास ठेवू नका. डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात, डेबिट कार्ड दिलंत तर ते पैसे काही दिवस खरंच गायब होतात आणि तेवढ्यात व्हॅनचं पेट्रोल भरायचं असतं. युनिव्हर्सिटीचा टॅक्स माफीचा फॉर्म दुसऱ्या स्टेटमध्ये चालेलच असं नाही, प्रत्येक स्टेटचा नियम वेगळा.

सरकारी युनिव्हर्सिटीला कुठल्याही स्टेटमध्ये जाता येतं का?

आता बहुतेक येतं. पण कॅलिफोर्नियाने २०१७ पासून एक कायदा लावला होता, ज्या स्टेटचे कायदे एलजीबीटी लोकांविरुद्ध भेदभाव करणारे आहेत तिथं सरकारी पैशाने प्रवास बंद. होता होता ती यादी २६ स्टेटची झाली, म्हणजे अर्ध्याहून जास्त देश, आणि टीमना खाजगी पैसा गोळा करून जावं लागायचं. २०२३ च्या सप्टेंबरात तो कायदा रद्द केला. सांगायचा मुद्दा, पैसा कुठल्या खात्यातून येतोय त्यावर नियम ठरतात, म्हणून ट्रिपची मंजुरी लवकर टाका, साधारण महिनाभर आधी.

पैसे कसे गोळा करायचे?

आधी. निघायच्या आधी. परत आल्यावर कोणी व्हेन्मो (फोनवरून पैसे पाठवायचं अ‍ॅप) करत नाही. आणि प्रत्येक पावती त्याच वेळी फोटो काढून ठेवा, कार्डाच्या स्टेटमेंटवर युनिव्हर्सिटी पैसे परत देईलच असं नाही, त्यांना आयटम लिहिलेली पावती लागते.

क्लास आणि मिडटर्म बुडाली तर?

व्हर्सिटीवाल्यांना कॉलेजचं लेखी धोरण असतं, पत्र मिळतं. क्लबवाल्यांना तसं आपोआप काही मिळत नाही, प्रोफेसरच्या मर्जीवर असतं, म्हणून सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात सिलॅबस आला की टूर्नामेंटच्या तारखा घेऊन भेटा. आदल्या दिवशी इमेल केलं तर नाहीच म्हणणार, आणि बरोबर आहे त्यांचं.

मॅचची वेळ कुठल्या घड्याळाची?

नेहमी तिथल्या घड्याळाची. जॉर्जियातून अलाबामात गेलात की एक तास मागे, लुईव्हिलहून नॅशव्हिलला गेलात तरी तसंच. अ‍ॅरिझोना बहुतेक सगळा घड्याळ बदलतच नाही, त्यामुळे तिथला फरक ऑक्टोबरात वेगळा आणि नोव्हेंबरात वेगळा. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला बाकी जवळजवळ सगळीकडे घड्याळ एक तास मागे जातं, नेमका टूर्नामेंटचा रविवार असू शकतो. तेव्हा एक तास झोप जास्त मिळते ते बरंच, पण खोलीतल्या अलार्म घड्याळावर भरवसा नको, फोनचा लावा.

मी शाकाहारी आहे, टीमच्या जेवणात उपाशी राहीन का?

नाही, पण वैताग येईल. टीम जेवण म्हणजे पास्ता, पिझ्झा, सँडविच. चिपोटलेचा बीन्स-राइस बोल हा आपल्या लोकांचा तारणहार, जे टीमचं जेवण ठरवतं त्याला जायच्या आधी सांगून ठेवा, तिथं पोचल्यावर नाही. मॅचच्या आदल्या रात्री नवीन काही ट्राय करू नका. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली असेल तर लाजू नका, दुसऱ्या दिवशी गोलकीपरच मागून खातो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. घरून पाठवलेली चूर्णं, ताकदीच्या गोळ्या वगैरे व्हर्सिटीच्या खेळाडूने ट्रेनरला दाखवल्याशिवाय घ्यायची नाहीत. सप्लिमेंटवर कडक नियंत्रण नसतं, डब्यावर लिहिलेलं आणि आत असलेलं एकच असेल असं नाही, आणि डोप टेस्टमध्ये "आजीने दिलं होतं" हे उत्तर चालत नाही.

तिकडे दुखापत झाली तर इन्शुरन्स चालतो का?

कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा, पुढचं मागचं दोन्ही. पाय मुरगळला, टाके घालायचेत, तर अर्जंट केअरला (तातडीच्या पण किरकोळ दुखण्याच्या क्लिनिकला) जा, इमर्जन्सी रूमला गेलात तर बिल कितीतरी जास्त. डोक्याला लागलं आणि शुद्ध गेली, उलट्या होतायत, मान दुखतेय, तर ९११, पैशाचा विचार नंतर. २०२२ पासून नो सरप्राइजेस कायद्यामुळे खऱ्या इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलला बहुतेक प्लॅनमध्ये वरचं बिल तुमच्यावर टाकता येत नाही, पण रस्त्याने येणारी अँब्युलन्स त्यात धरलेली नाही. आणि बाहेरून घेतलेला स्वस्तातला ट्रॅव्हल प्लॅन असेल तर हे संरक्षण असेल असं धरून चालू नका.

कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा) संशय आला की त्या दिवशी परत खेळायचं नाही. सेमीफायनल असली तरी नाही. आणि त्याला व्हॅन पण चालवायला देऊ नका, हे लोक विसरतात.

तिथली हवा आणि मैदान वेगळं असेल तर?

डेन्व्हर ५,२८० फुटांवर, वायोमिंगमधलं लॅरामी ७,२२० फुटांवर. सपाटीवरची टीम तिथं पहिल्या वीस मिनिटांत धापा टाकते, सुरुवातीला प्रेसिंग कमी ठेवा, सब (बदली खेळाडू) लवकर करा, आणि लांब पास नेहमीपेक्षा पुढे जातो हे वॉर्मअपमध्ये बघून घ्या. आर्टिफिशियल टर्फ उन्हात गवतापेक्षा खूप तापतं, मैदान कुठलं आहे ते आधी विचारून त्याप्रमाणे दोन जोड शूज न्या. वीज चमकली की शेवटच्या गडगडाटापासून ३० मिनिटं कोणीही मैदानात नाही, परत गडगडलं की परत पहिल्यापासून. शेड्यूल कोसळतं ते ह्यामुळे.

नियम फिफाचेच ना?

पूर्ण नाही. एनसीएएमध्ये पहिल्या हाफमध्ये बाहेर आलेला त्या हाफमध्ये परत जात नाही, दुसऱ्या हाफमध्ये एकदा परत जाता येतं. २०२२ पासून रेग्युलर सीझनला ओव्हरटाइम नाही, ड्रॉ म्हणजे ड्रॉ, पोस्टसीझनला दहा-दहा मिनिटांचे दोन आणि मग पेनल्टी. क्लब टूर्नामेंटचं नियमपत्रक वेगळं, हाफ छोटे असू शकतात. जर्सी फिकी आणि गडद दोन्ही न्या.

मॅच झाल्यावर पार्टी?

दारू सगळ्या ५० स्टेटमध्ये २१ नंतर. गांजा काही स्टेटमध्ये दुकानात मिळतो, पण फेडरल कायद्याने अजून बेकायदेशीर आहे, स्टेटची सीमा ओलांडून नेणं गुन्हा, आणि एफ-१ वाल्याचं त्यात स्टेटस अडचणीत येऊ शकतं. एनसीएएने २०२४ मध्ये डिव्हिजन वनच्या बंदी यादीतून तो काढलाय म्हणून काही जण तुम्हाला पटवतील. ती खेळाची यादी आहे, इमिग्रेशनची नाही.

मी आई आहे, कोचला फोन केला तर तो काहीच सांगत नाही, असं कसं?

पोरगं १८ चं झालं किंवा कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक रेकॉर्डवर हक्क त्याचा, १९७४ चा फर्पा नावाचा कायदा आहे, आणि त्यामुळे कॉलेजातली माणसं एकूणच पालकांशी बोलताना तोंड बंद ठेवतात. चिडून उपयोग नाही. पोराकडूनच हॉटेलचं नाव, ड्रायव्हरचा नंबर, आणि कॅप्टनचा नंबर घ्या. आणि पोचल्यावर एक मेसेज एवढंच ठरवा, दर तासाला लोकेशन विचारू नका काकू, ती मॅच खेळतेय.

आम्ही मॅच बघायला येऊ का?

या ना. क्लब मॅचला तिकीट सहसा नसतं, खुर्ची घरून आणायची. व्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये बरेचदा पारदर्शक बॅगच चालते, पर्स गाडीत ठेवावी लागते. रविवारच्या मॅचचं शनिवारी रात्रीपर्यंत कळत नाही, त्यामुळे परतीचं तिकीट बदलता येईल असं काढा किंवा सोमवारचंच काढा. आणि तुम्ही गाडीने आला असाल, टीमची परवानगी असेल, तर परतताना दोन-तीन पोरांना तुमच्या गाडीतून आणा, बहुतेक कॉलेजात त्यासाठी आधी फॉर्म भरावा लागतो, तो शुक्रवारच्या आत भरून ठेवा.